तांब्यातलं पाणी : धडगावच्या वाटेवरच्या एका पिकअपचं प्रकरण

२०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस घाटातून पायी निघाला आणि ती वाटेतच गेली. नंदुरबार जिल्ह्यात ही बातमी सगळ्यांनी वाचली. आम्ही पाच जणांनी ती आबांच्या गॅरेजात, चहाच्या वेळी वाचली. आबा म्हणजे शहाद्यातले जुने मेकॅनिक. बाकीचे आम्ही : एक शाळामास्तर, एक डॉक्टर, केळी आणि ऊस करणारे एक भाऊ, आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेला मी. त्या चहात ठरलं की पावसाळ्यात पाड्यावर जाईल आणि माणूस खाली आणील अशी एक गाडी आपण तयार करायची.

गाडी तयार झाली. ती दोनदा करावी लागली. पहिल्यांदा केली ती दिसायला फार छान होती. वजनाच्या आणि खर्चाच्या नोंदी माझ्याकडे होत्या, म्हणून हे लिहिण्याचं कामही माझ्याकडे आलं.

जागा

गाडी कुठे चालणार हे आधी सांगितलं पाहिजे, कारण आम्ही स्वतः तेच नीट पाहिलं नव्हतं. शहादा आणि तळोदा तापीच्या खोऱ्यात. माती काळी, खोल, पाणी प्यायली की फुगणारी. जूनमध्ये शेतरस्त्यावर पाय ठेवला तर चप्पल तिथेच राहते. उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर सातपुडा सुरू होतो आणि माती एकदम बदलते : मुरूम, काळा पाषाण, कडा धारदार असलेले दगड. एकाच फेरीत गाडीला चाकाला लोण्यासारखी चिकटणारी जमीनही लागते आणि टायरची बाजू चिरणारी जमीनही लागते.

धडगाव, म्हणजे अक्राणी तालुका, आणि अक्कलकुवा तालुक्यातला मोलगीचा भाग इथली वस्ती पाड्या-पाड्यांनी विखुरलेली आहे. धडगावला आणि मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवाही आहे. पण १०८ येते ती डांबर जिथे संपतं तिथपर्यंत. तिथून पाड्यापर्यंत चार किलोमीटर असतील नाहीतर चौदा. तेवढं अंतर झोळीचं : एक बांबू, एक चादर किंवा घोंगडी, पुढे-मागे चार खांदे. पेपरवाले तिला ‘बांबूलन्स’ म्हणतात. उचलणाऱ्यांना त्या शब्दाचं काही हसू येत नाही.

पहिली गाडी

एक जुनी डबल कॅबिन पिकअप मिळाली, फोर बाय फोर, लो गिअर असलेली. आरसी बुकाप्रमाणे भार नेण्याची क्षमता एक टन. चेसिस सरळ होती, इंजिन धूर ओकत नव्हतं. पाच लाख चाळीस हजार दिले. आबा म्हणाले, “गाडी चांगली शे. आते तुम्ही बिघाडू नका.”

आम्ही त्यांचं ऐकलं नाही.

मोबाइलवर परदेशातल्या गाड्या बघून बघून आमच्या डोळ्यांत एक चित्र बसलं होतं. पुढे लोखंडी बंपर, त्यात विंच, म्हणजे तार गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर दुसरी स्टेपनी आणि डिझेलचे डबे, इंजिनाच्या बाजूने वर गेलेला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी. स्नॉर्केलला आबा ‘चिलीम’ म्हणायचे. हौद्याला चेकर प्लेट मारली. वर लोखंडी पाइप आणि पत्र्याचं हूड. त्याखाली स्ट्रेचर. मोठ्या गोट्यांचे मड टायर. दोन लाख साठ हजार आणखी गेले आणि चार महिने गेले. मे महिन्यात गाडी बाहेर काढली तेव्हा बसस्टँडजवळ पोरं सेल्फी घ्यायला उभी राहिली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

मग मी ती वजनकाट्यावर नेली. ते खरं म्हणजे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

बंपर आणि विंच मिळून ८८ किलो. टपावरचं सगळं १२५. हूड ११०. चेकर प्लेट ९०. विंचला ताकद लागते म्हणून दुसरी बॅटरी, २२. जॅक, दोर, फावडी, पाने, डबे ८५. स्ट्रेचर आणि औषधांची पेटी ३५. पाणी ४०. बेरीज ५९५ किलो. ड्रायव्हर धरून पाच माणसं आणि एक रुग्ण, सरासरी साठ किलोची, म्हणजे ३६०. झाले ९५५. एक टनाची गाडी रुग्णाला घेऊन निघायच्या आत भरली होती, आणि त्यातलं सव्वा क्विंटल डोक्यावर होतं. घाटातल्या उताराच्या वळणावर टपावरचं वजन काय करतं हे ज्याने उसाची ट्रॉली उलटताना पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही.

पण वजनाचं कळूनही आम्ही लगेच काही काढलं नाही. तयार केलेली वस्तू उखडायला जीव होत नाही. तो जीव मास्तरांनी करून दिला.

मास्तर झोपतात

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी ठरली. रुग्ण म्हणून मास्तर झोपणार. उंची पाच फूट आठ इंच. पहिली गोष्ट तिथेच कळली : डबल कॅबिनच्या गाडीचा हौदा जेमतेम दीड मीटर असतो, आणि स्ट्रेचर सहा फुटांचं. फाळका उघडा ठेवल्याशिवाय पाय मावेनात. स्ट्रेचर तिरपं घातलं तर शेजारी बसायला जागा उरेना. आम्ही हूड बनवलं, रंग दिला, पण आत माणूस आडवा करून बघितला नव्हता.

फाळका उघडा ठेवून, पाय बांधून मास्तरांना नेलं. त्यांच्या डोक्याशी मी एक पितळी तांब्या काठोकाठ भरून ठेवला होता. गाडी किती हेलकावते ते मोजायला आमच्याकडे दुसरं साधन नव्हतं, आणि मला वाटतं त्याहून चांगलं असतंही कुठे. बारा किलोमीटर, बहुतेक मुरमाचा रस्ता. वाटेत मास्तरांनी दोनदा गाडी थांबवली. शेवटी ते उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि ओकले. तांब्यात तिसरा हिस्सा पाणी उरलं होतं.

कारण साधं आहे आणि ते पाट्यांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांमध्ये आहे. पिकअपचे मागचे पाटे टनभर मालासाठी असतात. हौद्यात साठ किलोचा माणूस ठेवला तर पाटा वाकतच नाही; खड्डा जसाच्या तसा वर येतो. त्यातून माणूस मागच्या आसाच्याही मागे असेल तर तो झोपाळ्याच्या टोकावर बसल्यासारखा फेकला जातो. गाडीत सगळ्यांत कमी हालणारी जागा दोन आसांच्या मध्ये असते. एसटीत शेवटच्या बाकावर बसून ज्याने चांदसैली चढली आहे त्याला हे तत्त्व ठाऊक आहे. फक्त गाडी करताना आम्हाला ते आठवलं नाही.

डॉक्टर परतताना एवढंच म्हणाले, “फ्रॅक्चरचा माणूस यात टाकला असता तर हाड कातडीबाहेर आलं असतं.”

त्याच महिन्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. तळोद्याकडे काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर ते भारी मड टायर दहा मीटरमध्ये गुळगुळीत झाले. गोट्यांच्या मधल्या खाचा चिखलाने भरल्या की मड टायर आणि लाकडी ओंडका यांत फरक राहत नाही. हवा पस्तीसवरून वीसवर आणली तेव्हा थोडी पकड आली. मग विंच लावली, तर तार बांधायला समोर झाड नाही. बांधावर एक बाभूळ, तीही शंभर हातांवर. झाड नसेल तर स्टेपनी आडवी पुरून तिला तार बांधता येते, आणि तसं आम्ही केलंही. फुगलेल्या काळ्या मातीत ती स्टेपनी मुळ्यासारखी उपटून आली. शेवटी शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आला आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर. ट्रॅक्टरवाला तरुण आमच्या विंचकडे बघत होता. काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

दुसरी गोष्ट वाईट होऊ शकली असती. एका नाल्यात अडकलेली दुसऱ्या कोणाची जीप ओढताना आम्ही नायलॉनचा जाड नाडा त्या जीपच्या बंपरला बांधला. बंपर तुटला, लोखंडाचा तुकडा नाड्यासकट उडाला आणि आमच्या मागच्या काचेतून आत आला. आत कोणी नव्हतं. ताणलेला नायलॉनचा दोर रबरासारखी ताकद साठवतो आणि सुटला की सगळी एकदम परत देतो. तेव्हापासून दोर फक्त चेसिसवरच्या हुकाला, मधे दोरावर एक ओलं गोणपाट टाकायचं, आणि दोराच्या लांबीएवढ्या अंतरात कोणी उभं राहायचं नाही. हे आम्हाला आधीही ठाऊक होतं.

कागद

गाडी पुन्हा करायचं ठरलं तेव्हा भाऊ म्हणाले, हौदा लांब करून घेऊ, मालेगावला करून देतात. इथे मात्र मी अडलो.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की आरसीत नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दंडही आला. पुढच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आहे, कारण तो धडकेचा जोर थेट चेसिसला देतो आणि पायी चालणाऱ्याला चिरडतो. म्हणजे बस स्टँडवर फोटो निघालेला आमचा बंपर मुळातच बेकायदा होता. रुग्णवाहिका म्हणवून घ्यायचं तर एआयएस-१२५ हे वेगळं मानक आहे, नोंदणी वेगळी आहे. नुसतं लाल अक्षरात लिहिलं आणि भोंगा लावला की गाडी रुग्णवाहिका होत नाही.

दंडाची भीती एक वेळ सोडा. अपघात झाला आणि विमा कंपनीने फेरफाराचं बोट दाखवलं तर गाडीतल्या माणसाच्या घरच्यांना काय द्यायचं? हौद्यात माणसं बसवली तरी हाच प्रश्न येतो : मालाच्या जागी बसलेला माणूस विम्याच्या लेखी प्रवासी नसतो. कॅबिनमधल्या आसनावर बसतो तो असतो.

या अडचणीने आमचं भलं केलं. कापायचं नाही, जोडायचं नाही, मग माणूस झोपणार कुठे? कॅबिनमध्ये.

दुसरी गाडी

डाव्या बाजूच्या पुढच्या सीटची पाठ पुढे दुमडली की ती सपाट होते. तिच्यावरून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत एक फळी टाकता येते. आबांनी अठरा मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची, दोन तुकड्यांत, मधे बिजागरी असलेली फळी केली. लांबी सहा फूट, रुंदी सव्वा फूट. वर चार इंची फोम, रेक्झिनचं आवरण. ती सीटबेल्टच्या मूळ बोल्टांनाच पट्ट्यांनी आवळायची. गाडीत एक भोक पाडलं नाही. काम नसताना फळी सीटमागे उभी राहते आणि गाडी पाच जणांची होते. गाडी जुनी, डाव्या बाजूला एअरबॅग नव्हती. असती तर हा उद्योग करायची कोणाची हिंमत झाली नसती.

डोकं मागे, पाय डॅशबोर्डाकडे. शेजारी, मागच्या उजव्या सीटवर, नर्स किंवा आशाताई किंवा घरची बाई. ब्रेक लागला की माणूस पुढे सरकतो, म्हणून पट्टे नीट आवळलेले हवेतच. नुसता पोटावरचा पट्टा चालत नाही. घाट उतरताना डोकं आपोआप वर राहतं, दम लागलेल्या माणसाला ते बरं. पण नर्मदेकडच्या पाड्यांवरून धडगावला यायचं म्हणजे चढ, आणि चढाला डोकं खाली जातं. त्यासाठी फळीच्या मागच्या टोकाखाली एक लाकडी पाचर ठेवतो. एक खोड मात्र राहिली आहे. दिवस भरलेल्या बाईला डाव्या कुशीवर झोपवायचं असतं, म्हणजे गर्भाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येत नाही. आमच्या फळीवर डावी कूस म्हणजे तोंड दाराकडे आणि शेजारी बसलेल्या बाईकडे पाठ. वेदना चालू असताना दाराच्या पत्र्याकडे बघत पडणं काही बरं नाही. यावर अजून तोडगा नाही.

मास्तर पुन्हा झोपले. तोच रस्ता, तोच तांब्या. बारा किलोमीटरनंतर पाऊण तांब्या पाणी होतं आणि मास्तर दहा मिनिटं चक्क डोळा लागून झोपले होते.

मग उखडणं सोपं झालं. बंपर, विंच, दुसरी बॅटरी गेली. टपावर काही नाही. हुडाच्या जागी हलक्या पाइपवर ताडपत्री, तीस किलो. चेकर प्लेटऐवजी पंधरा किलोची रबरी मॅट. दुसरी स्टेपनी, २८, हौद्यात खाली. कारण पाषाणाच्या रस्त्यावर एका फेरीत दोन टायर चिरलेले आम्ही पाहिले आहेत. डिझेलचा एकच डबा, वीस किलो. हत्यारं पन्नास, फळी आणि औषधं पस्तीस, पाणी वीस. काट्यावर १९८ किलो. पहिल्या गाडीपेक्षा चार क्विंटल हलकी. विकलेल्या सामानाचे पैसे आले ते निम्म्याहून कमी, आणि त्यातून साधे, मूळ मापाचे, जाड बाजूचे पाच टायर घेतले. अरुंद टायर चिखल कापत खाली घट्ट थराला टेकतो. रुंद टायर वरच तरंगत घसरतो. वाळूत याच्या उलट असेल. पण आम्हाला वाळूत कुठे जायचंय.

आता हलकी झालेली गाडी मागून नाचू लागली. आबांनी यावर जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेलं आहे. हौद्यात अगदी पुढे, कॅबिनच्या भिंतीला टेकून, त्यांनी मुरमाच्या चार गोण्या टाकल्या, चाळीस-चाळीस किलोच्या. मी म्हटलं, आबा, चार क्विंटल काढलं आणि दीड परत टाकलं? ते म्हणाले, “हाई वजन टाकी देता येस, भो.” पाटे बसतात, मागची चाकं जमीन धरतात, आणि गाडी अडली की गोणी फोडून मुरूम चाकाखाली. लोखंडी बंपर फोडून चाकाखाली टाकता येत नाही. परत येताना मुरूम पुन्हा भरून घ्यायचा, सातपुड्यात त्याला तोटा नाही. खाली तळोद्याच्या बाजूला गोण्या संपल्या तर पऱ्हाट्यांचे भारे.

विंचच्या जागी दीड टनाची हाताने ओढायची साखळीची पुल-लिफ्ट आली, दहा-बारा किलोची. एका वेळी दीड मीटरच ओढते, मग पुन्हा बांधा, पुन्हा ओढा. हळू आहे, पण गाडीची बॅटरी मेली तरी चालते आणि मागेही ओढते. बहुतेक वेळा मागेच यायचं असतं. झाडाला साखळी बांधायची नाही, चार बोटं रुंदीचा पट्टा बांधायचा. महूच्या झाडाची साल कापली तर त्या पाड्यावर पुन्हा कोण उभं करील? आणि ड्रायव्हरच्या सनव्हायझरवर एक कागद : कुठल्या गावात कोणाचा ट्रॅक्टर, आणि फोन.

पाणी

चिलीम काढली. तिच्यामुळे जो धीर येतो तो खोटा असतो. डिझेल इंजिनाने हवेसोबत पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे खरं. स्नॉर्केल त्यापासून वाचवतो, हेही खरं. पण तेवढं खोल पाणी येईपर्यंत गाडी तरंगू लागलेली असते. तळाला पाणी लागलं की पुढच्या दर दहा सेंटीमीटरला बंद कॅबिन आणि इंजिनाचा भाग मिळून पाचेक क्विंटल वजन पाणी उचलून धरतं. आणि पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर धक्का चौपट. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या नेतं. आमची गाडी हलकी केल्यामुळे या एका बाबतीत ती आधीपेक्षा वाईट झाली आहे, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे.

त्याऐवजी आबांनी दोन्ही डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरना, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या छिद्रांना, नळ्या जोडून त्या बॉनेटपर्यंत वर आणल्या. घाट चढून तापलेलं हाउसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. महिन्याभराने ऑइल दुधासारखं निघतं आणि बेअरिंग ओरडू लागतं. खर्च सहाशे रुपये. या सबंध गाडीत इतक्या स्वस्तात एवढं काम करणारं दुसरं काही नाही. नाला ओलांडल्यावर पन्नास मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं, ड्रम कोरडे होतात. उतारावर ओल्या ब्रेकने उतरायचं नाही, लोमध्ये, इंजिनाच्या जोरावर.

नियम एकच केला. फरशीवर, म्हणजे नाल्यावरच्या बसक्या पुलावर, पाणी वाहत असेल तर एकाने कमरेला दोर बांधून, काठीने चाचपत आधी चालत जायचं. पाणी गुडघ्याला लागलं की गाडी थांबली. ड्रायव्हर ठरवणार, बाकी कोणी बोलायचं नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही.

दोन रात्री

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, रात्री साडेनऊला फोन आला. पाड्यावर रेंज नसते. कोणीतरी टेकडीवर चढून तो केला होता. असे फोन मध्येच तुटतात म्हणून आम्ही तीनच प्रश्न ठरवले आहेत : कुठला पाडा, काय झालं, नाल्याला पाणी किती. पहिलटकरीण, कळा सुरू. गाडी त्या दिवशी धडगावातच होती. शेवटचे दोन किलोमीटर रस्ता खचलेला होता, तिथे गाडी थांबली आणि पलीकडून झोळी आली. म्हणजे बांबू काही गेला नाही. त्याचं अंतर दोन किलोमीटरवर आलं. चढावर गाडी एकदा अडली, दीड गोणी मुरूम गेला. डांबराला १०८ उभी होती. फोनपासून तिथपर्यंत दोन तास वीस मिनिटं. मूल रुग्णालयात झालं. आशाताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की बाईला गाडीचं काही आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं की कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलं होतं.

दुसरी रात्र त्यानंतर तीन आठवड्यांनी. एका म्हाताऱ्या माणसाला दम लागला होता. नाल्याच्या त्या बाजूला पाडा, या बाजूला आम्ही. गाडीत ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर, दीड हजार लिटरचा. मिनिटाला पाच लिटरने पाच तास पुरला असता. भाऊ दोर बांधून पाण्यात उतरले. चौथ्या पावलाला पाणी मांडीला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

पलीकडे बॅटऱ्या हलत होत्या. ओरडणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. पावरी, म्हणजे तिथली बोली, आम्हाला तशीही फार येत नाही. एवढ्या मोठ्या गाडीने का थांबावं हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. साडेबारापासून आम्ही तिथे होतो. चार वाजता पलीकडचा गलका थांबला. साडेपाचला पाणी उतरलं आणि आम्ही गेलो, पण उशीर झाला होता.

परतताना मास्तरांनी विचारलं, पहिली गाडी असती तर? चार क्विंटल जास्त वजन, मोठे टायर, चिलीम. आबांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “तुम्ही बी गया असतात, मास्तर.” मी नंतर आकडे मांडले. आबांचं बरोबर होतं, निदान कागदावर. मास्तर अजून तो प्रश्न मधूनमधून विचारतात.

त्यानंतर

गाडीत काही बदललं नाही, वापर बदलला. पाऊस नसताना पाड्यावर जायला या गाडीची गरजच काय, असं आम्हाला सुरुवातीला वाटायचं. आता बहुतेक फेऱ्या अशाच असतात. आदिवासी भागात आरोग्य खात्याची माहेरघर योजना आहे : दिवस भरत आलेल्या बाईने घरच्या माणसासह काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. योजना चांगली आहे, पण आठव्या-नवव्या महिन्यात बाईने चौदा किलोमीटर चालत यायचं कसं हा प्रश्न राहतोच. आशाताईंकडून जुलै ते सप्टेंबरच्या तारखा घेतो आणि नाले भरायच्या आत, दिवसाउजेडी, फळी टाकून किंवा नुसतं सीटवर बसवून त्यांना आणतो. डायलिसिसवाले, दम्याचे म्हातारे यांचीही यादी आता डॉक्टरांनी केली आहे. त्या रात्रीचा माणूस त्या यादीत बसला असता.

त्या नाल्यापलीकडच्या पाड्यात एकाची जुनी जीप आहे. तिच्या क्लचप्लेटचे पैसे आम्ही दिले, आणि आमचा दुसरा सिलिंडर आता पावसाळाभर पलीकडेच असतो, आशाताईंच्या घरात, सावलीत, भिंतीला बांधून. ताईंना तो उघडायला आणि मीटर बघायला डॉक्टरांनी शिकवलं आहे.

तांब्या गाडीतच असतो. नवा ड्रायव्हर आला की आबा तो भरून फळीवर ठेवतात आणि त्याला त्या बारा किलोमीटरच्या रस्त्याने पाठवतात. पाऊण तांब्या पाणी घेऊन जो परत येतो त्याच्या हातात किल्ली. गेल्या महिन्यात एक पोरगा अर्धा तांब्या घेऊन आला. वहीत त्याच्या नावापुढे आबांनी लिहिलं आहे : ‘पुन्हा. सोमवारी.’